उतरणे आधी, चढणे नंतर

लहान मुलाला सदरा घालायला शिकवायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी? शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकांना मी पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारीत असे. बहुतेक जणी सांगत, "बाहीत हात घालण्यापासून." उत्तर तर्काला धरून होते, पण आमच्या शाळेत ते चालत नसे. आम्ही सदरा अंगात घालून देत असू, वरच्या सगळ्या गुंड्या लावून देत असू आणि अगदी शेवटची गुंडी मुलावर सोपवीत असू. ती लागली की सदरा पुरा झाला आणि तो मुलाने पुरा केला. ती अंगवळणी पडली की तिच्या अलीकडची गुंडी. असे उलटे चालत चालत आपण एके दिवशी बाहीपर्यंत येतो. प्रारंभापासून शिकवले तर मूल दर वेळी मध्येच अडकते आणि 'मला जमत नाही' एवढेच शिकून उठते. शेवटाकडून शिकवले तर ते दर वेळी पुऱ्या झालेल्या कामावर थांबते.

धारवाडच्या ज्या विशेष शाळेत माझी सगळी नोकरी झाली, तिथे या एका पद्धतीवर आमचा पुष्कळसा संसार चालत असे. दात घासणे, अंथरुणाची घडी घालणे, चहा गाळणे हे सारे आम्ही शेवटाकडून शिकवले. शाळेच्या पाटीवर त्या काळचा 'मतिमंद' हा शब्द होता. बाहेरचे लोक त्याचा अर्थ निरनिराळा लावीत. कोणी वेड समजत, कोणी आजार समजत. ते दोन्ही नव्हे. वेडाचा येथे संबंध नाही आणि हा औषधाने बरा होणारा आजारही नाही. या व्यक्तींना गोष्ट समजायला वेळ लागतो, एका वेळी एकच गोष्ट सांगावी लागते आणि उत्तर मनात असूनही ते ओठांवर यायला अवधी लागतो. आमच्या गिरिजाने याची व्याख्या माझ्यापेक्षा चांगली केली होती. "मी हळू आहे, पण मी चालू आहे," असे ती म्हणे.

ही गिरिजा आमची जुनी विद्यार्थिनी. दोन हजार सालानंतरच्या एकदोन वर्षांतली ही हकीकत; तेव्हा ती तिशीला आली होती. आईवडील गेल्यानंतर ती धारवाडलगतच्या केलगेरीला थोरल्या भावाकडे राहत असे. भाऊ वसंतराव कोर्टात कारकून. शाळेच्या प्रौढ विभागात गिरिजा पाकिटे चिकटवण्याचे काम करी, पण तिचा जीव भाकरीत होता. अमरगोळच्या बाजार आवाराजवळ बायकांचा एक गट खानावळींसाठी ज्वारीच्या कडक भाकरी करीत असे. त्यांच्याकडे आम्ही मुलींना घेऊन गेलो होतो. गिरिजाने तिथे वाळलेल्या भाकरी एकही न मोडता रचून बांधून दिल्या, आणि गटाच्या प्रमुख शांतक्का मला म्हणाल्या, "हिला रोज पाठवा बाई. कामही करते आणि तोंडही बंद ठेवते. माझ्याकडे दुसरं कुणालाच जमत नाही."

नोकरी तयार होती. अडचण होती ती बसची.

केलगेरीहून सुटून धारवाडमार्गे हुबळीला जाणाऱ्या एका मालकाच्या खासगी गाड्या होत्या. अमरगोळ त्याच वाटेवर. आदल्या वर्षी गिरिजा त्यांतल्याच एका गाडीने एकटी निघाली होती. कंडक्टरने विचारले, "कुठं?" तिला शब्द सापडेना. त्याने पुन्हा विचारले, अधिक मोठ्याने. ती अधिकच गप्प झाली. मागून लोक ओरडू लागले आणि शेवटी त्याने तिला भलत्याच थांब्यावर उतरवून दिले. उन्हात ती उभी राहिली, संध्याकाळी एका भाजीवालीने ओळखून तिला घरी आणून सोडले. त्या दिवसापासून वसंतरावांनी तिचे एकटीने बाहेर जाणे बंद केले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मला ते एवढेच म्हणाले, "बाई, आईला शब्द दिलाय मी. नोकरी गेली खड्ड्यात."

ही बातमी मी गिरिजाला सांगितली तेव्हा ती पाकीट चिकटवत होती. ते पुरे करून तिने बाजूला ठेवले आणि म्हणाली, "मला बस येते. कंडक्टरला येत नाही."

"काय येत नाही?"

"मला विचारायला. त्याला शिकवूया."

शेजारी राघू बसला होता. हा पस्तिशीचा, गोलमटोल आणि कायम आनंदात असलेला गृहस्थ. जत्रेत घेतलेली पत्र्याची शिट्टी तो सदैव गळ्यात अडकवून असे. तो लगेच उठून उभा राहिला. "मी पण येतो टीचर. मला ओरडायला येतं."

आजवर बाहेरच्यांना आमच्या मुलांविषयी समजवायचे असले, की ते आम्ही शिक्षिका समजवीत असू. फळ्यावर आकृत्या काढत असू, आणि मुले मागच्या बाकावर नटूनथटून बसत. या वेळी शिकवणारी ती दोघे आणि मागच्या बाकावर मी, असे ठरले. ठरवणारीही तीच दोघे.

बसमालकांना भेटायला गेले तर ते हिशोबी निघाले. "किती वेळ घेणार? शनिवारी गाड्या धुवायला असतात, तेव्हा तासभर घ्या. फुकट आहे ना?" मी म्हटले, फुकट आहे. "मग चहा आमच्याकडून."

आमची तयारी बरेच दिवस चालली. धडा कोठून सुरू करावा यावर माझा आणि गिरिजाचा मतभेद झाला. मी म्हटले, प्रवासी गाडीत चढतो तिथून. ती म्हणाली, "नाही. उतरण्यापासून. उतरणं चुकलं तर सगळं चुकतं." मी आयुष्यभर जे शिकवले ते माझ्याच विद्यार्थिनीने मला लावून दाखवले म्हणून मी चूप बसले, असे लिहिणे शोभून दिसले असते, प्रत्यक्षात मी बराच वाद घातला आणि राघूने शिट्टी वाजवून तो थांबवला. त्यातूनच पुढे एक नियम निघाला. कोणी भरभर बोलू लागले, अवघड शब्द वापरू लागले की राघूने एक शिट्टी मारायची, म्हणजे थांबा. बोलणे पुन्हा सोपे झाले की दोन शिट्ट्या. म्हणजे चालू द्या. बसमधली खूणही तीच असल्याने ती कोणाला समजावून द्यावी लागणार नव्हती.

ठरलेल्या शनिवारी मालकांच्या शेडमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर आणि क्लीनर मिळून मंडळी जमली. कोणी टायरवर बसले, कोणी पायरीवर. वसंतराव अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते, पण बसले नाहीत. दाराशी चप्पल घालूनच उभे राहिले. बोलणी सगळी कानडीत झाली. येथे ती मराठीत देते.

प्रास्ताविक मी करायचे होते. "बौद्धिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या सामाजिक पुनर्वसनाच्या संदर्भात," एवढे मी म्हटले आणि शिट्टी वाजली. कंडक्टर मंडळी खो खो हसली. माझे वाक्य तिथेच राहिले, ते अद्याप राहिलेलेच आहे. पाठोपाठ मालक बोलायला उभे राहिले. त्यांच्या सेवाभावाविषयीच्या दुसऱ्या वाक्याला शिट्टी. मालकांवर शिट्टी वाजवता येते हे पाहून क्लीनर पोरे जी खुलली, ती शेवटपर्यंत.

मग गिरिजा पुढे आली. तिने तिची हकीकत सांगितली. थांबत थांबत, पण सलग. कोणत्या कंडक्टरने उतरवले ते तिने सांगितले नाही. तिला ते आठवत होते. मलाही नंतरच कळले.

तिचे संपताच एक जुने, पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खरं सांगू? असल्यांना एकटं सोडता कशाला? हिच्या घरचे कुठं असतात?"

"मला विचारा," गिरिजा म्हणाली. "मी इथं आहे."

ते गडबडले. "बरं, तुला विचारतो. घरचे कुठं असतात?"

"कोर्टात. नोकरीला." ती थोडी थांबली. "तुमच्या घरचे तुमच्याबरोबर गाडीत असतात का?"

"घरच्या बाई असत्या तर यांनी गाडी नीट चालवली असती," कोणीतरी मागून म्हणाले. म्हाताऱ्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मी दाराकडे पाहिले. वसंतराव हसले नव्हते. पण चप्पल काढून आत आले होते.

आता प्रात्यक्षिक. धुतलेल्या रिकाम्या गाडीत सगळ्यांना चढवले. गिरिजा कंडक्टर झाली; कंडक्टर प्रवासी झाले. पहिल्या बाकावर बसप्पा नावाचे कंडक्टर होते. उंच, आडदांड, आवाज असा की हुबळीच्या बाजारात बोलले तर धारवाडला ऐकू यावा. गिरिजाने त्यांना विचारले, "कुठं?" त्यांनी तोंड उघडायच्या आतच आम्ही ठरल्याप्रमाणे गिल्ला केला. राघू ओरडला, "लवकर सांगा, लवकर!" मी ओरडले, "चिल्लर काढा." क्लीनर पोरांना तर निमित्तच हवे होते, त्यांनी मागून पत्रा बडवायला सुरुवात केली. "मुंद सरीरी, मुंद सरीरी," म्हणजे पुढे सरका, असा एकच कल्लोळ उठला. बसप्पांनी इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, "हुबळी."

गिरिजाने खोटे तिकीट दिले. "नक्की?"

"हुबळी, हुबळी."

आणि मग ते कपाळावर हात मारून थांबले. त्यांना अमरगोळ सांगायचे होते. हातातल्या चिठ्ठीवर आम्ही तेच लिहून दिले होते. रोज दारात उभे राहून शेवटच्या थांब्याचा पुकारा करणारे ते तोंड. गोंधळ झाला की त्यातून सवयीने तोच एक शब्द निघाला.

"तुम्ही वेडे आहात का?" गिरिजाने विचारले. यात टोमणा नव्हता; तिला त्या दिवशी विचारले गेलेले वाक्य होते ते.

बसप्पा खाली पाहत राहिले; त्या दिवशीचा कंडक्टर तेच होते, हे मला पुढे कळले. त्या एका क्षणी मला वाटले, की आपले काम बिघडले. एवढ्या माणसांत एका माणसाला मान खाली घालायला लावली, आता हे लोक उठून जाणार. पण गिरिजाचा धडा संपला नव्हता. ती त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "नाही. वेडे नाही. घाई झाली. आता परत विचारते. सगळे गप्प बसा."

सगळे गप्प बसले. तिने पुन्हा विचारले, "कुठं?"

"अमरगोळ," बसप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले. राघूने दोन शिट्ट्या मारल्या.

मग अडचण आली ती खरी, आणि ती मंडळींनीच काढली. रोजच्या गाडीत असे गप्प कोण बसणार? मागे माणसे लोंबकळत असतात. एकीच्या उत्तराची वाट किती पाहायची? बसप्पा थोडा वेळ तिकिटाच्या पेटीशी चाळा करीत राहिले. मग म्हणाले, "थांबायचं कशाला? एकदा विचारायचं. बोलली नाही तर पुढच्याचं तिकीट फाडायचं, त्याच्या पुढच्याचं फाडायचं, मग परत मागं यायचं. तोवर हिला सापडलेलं असतं. काय, सापडतं का नाही?"

गिरिजाने विचार केला. "सापडतं."

"मग झालं तर. नवऱ्याशी भांडून आलेल्या बाया पण लवकर बोलत नाहीत. त्यांना आम्ही असंच करतो."

माझ्या सगळ्या शिक्षणात इतका चालण्याजोगा उपाय मला सुचला नव्हता. पुढे आम्ही बँकेत, दवाखान्यात, टपाल कचेरीत गेलो, तेव्हा 'पुढच्याचं तिकीट फाडून परत या' हेच सांगत असू. या शिकवण्यांच्या पुष्कळ आठवणी आहेत. बँकेत साहेब एकसारखे मलाच विचारीत होते, "याला सही येते का?" राघूने समोर बसून इतक्या जोराने शिट्टी मारली की दाराशी असलेला बंदूकवाला पहारेकरी धावत आत आला आणि खातेदार टेबलाखाली गेले. सर्वांना वर काढून खुर्च्यांवर बसवल्यावर साहेबांनी प्रश्न राघूला विचारला, आणि राघूने टेबलावरच्या टिपकागदावर सही करून दाखवली. ती त्यांच्या सहीहून सुवाच्य होती, हे मात्र मी तेथे बोलले नाही. पण मूळ हकीकत गिरिजाची आहे, तिच्याकडे येते.

शिकवणी झाली तरी वसंतराव एकदम राजी झाले नाहीत. "माणसं चांगली आहेत," एवढे त्यांनी मान्य केले. "पण रोज तीच गाडी, तोच माणूस असेलच कशावरून?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली आणि म्हटले, की आपण शेवटाकडून जाऊ. पहिल्या आठवड्यात सगळा प्रवास मी तिच्यासोबत करीन. फक्त अमरगोळला ती एकटी उतरेल आणि एकटी भाकरीच्या शेडपर्यंत जाईल. मी गाडीत बसून पुढे जाईन. संध्याकाळची परतीची वाटही याच क्रमाने शिकवू.

ते आठवडाभर मी रोज विनाकारण हुबळी पाहून आले. मग थांबा आला की 'उतरायचंय' हे सांगणे तिच्याकडे सोपवले. त्यानंतर तिकीट घेणे. दोनदा ती अडखळली. एकदा बसप्पा पुढे जाऊन परत आले आणि काम झाले, दुसऱ्यांदा कंडक्टर नवा होता, त्याला शिकवणी मिळाली नव्हती, आणि गिरिजाने त्याला सांगितले, "पुढच्याचं फाडा, मग या." तो इतका चकित झाला की निमूटपणे गेला. पुढे गाडीत एकटीने चढणे. मी आता थांब्यावरच निरोप देई.

राहिली ती एकच पायरी. सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे, गल्लीतून थांब्यापर्यंत एकटीने यायचे. आमच्या क्रमात ती सर्वांत शेवटी येणार हे मला पहिल्यापासून माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की ती शिकायची पाळी गिरिजाची नव्हती. गल्ली तिला पाठ होती. तिला दारातून जाऊ देणे ही पायरी वसंतरावांची होती, आणि तिथे ते अडले. आज ढग आलेत. आज कुत्री फार आहेत. आज मला बरे नाही. शेवटी ते सकाळी बसप्पांनाच गाठायला थांब्यावर गेले. मी तेथे होते.

"बसप्पा, एक विनंती आहे. हिच्यावर लक्ष ठेवत जा. पुढच्या बाकावर बसवा, कोणाशी बोलू देऊ नका. वाटल्यास मी महिन्याचं काही वेगळं..."

बसप्पांनी हाताने त्यांना अडवले. "साहेब, ते काही जमायचं नाही. लक्ष ठेवायला ती काय गोणी आहे? तिकीट काढलेलं पॅसेंजर आहे. बाक रिकामं असेल तर बसेल, नसेल तर उभी राहील. अमरगोळ म्हणाली की अमरगोळला गाडी थांबवीन. त्याच्यावर तुमचा भरवसा नसेल तर रिक्षा करा."

मला वाटले, झाले. ते आता रागाने बहिणीला घेऊन घरी जातील. ते घरी गेले खरे, पण एकटे. गिरिजा गाडीत चढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले नाही. शिकवणाऱ्याने केव्हा जायचे नाही, हे आमच्या व्यवसायातले सर्वांत अवघड प्रकरण आहे. दिवसभर शाळेत माझे लक्ष नव्हते. राघूला सारे ठाऊक होते. तो दर थोड्या वेळाने येऊन विचारी, "पोचली असेल ना टीचर?" त्याच्या आईने त्याला कधीच एकट्याने बसमध्ये चढू दिले नाही, मी पुष्कळ वर्षे विनवण्या केल्या. गावभरच्या कंडक्टरांना शिकवणारा राघू शेवटपर्यंत आईचा हात धरूनच शाळेत आला, आणि आनंदात आला. ही एक खंत मात्र माझ्याजवळ आहे. त्याच्याजवळ असल्याचे त्याने कधी दाखवले नाही.

संध्याकाळी मी केलगेरीला गेले. वसंतराव ओट्यावर उभे होते. कोर्टातून लवकर आले असावेत. अंगावर अजून कामावरचा कोट होता. "सकाळी गेली ती गेली," ते म्हणाले. "मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. तिनं मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, अण्णा, घरी जा." आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. एक गाडी येऊन गेली. वसंतराव आत जाऊन पाणी पिऊन आले. दुसऱ्या गाडीनंतर गल्लीच्या टोकाशी गिरिजा दिसली. हातात डबा, केसांना पीठ, आणि चेहरा फुललेला.

"काय झालं?" वसंतरावांनी ती जवळ यायच्या आधीच विचारले.

"ओरडला," ती म्हणाली.

"कोण ओरडला?"

"बसप्पा. मी दारात उभी होते. म्हणाला, दारात काय लग्नाला उभी आहेस, आत हो."

वसंतरावांचा चेहरा लाल झाला. "हे पहा बाई. हे पहा. पहिल्याच दिवशी. मी आत्ताच्या आत्ता मालकांकडे जातो."

"अण्णा, थांब," गिरिजाने त्यांची बाही धरली. तिला वाक्य पुरे करायचे होते आणि ते सापडायला वेळ लागत होता. आम्ही दोघेही गप्प राहिलो. "माझ्या शेजारी कॉलेजची पोरगी होती. तिला पण ओरडला. एका मास्तरांना पण. सगळ्यांना सारखंच ओरडला."

वसंतरावांनी अंगातला कोट काढला, तिच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाले, "मग उद्या दारात उभी राहू नकोस."

"बघू," गिरिजा म्हणाली, आणि हातपाय धुवायला आत गेली.